मीथ हरणारच, हे ठरवलं कुणी?

आयर्लंडमधल्या मराठी ग्रुपांवर चार दिवस एक मेसेज फिरतोय. 'गॉलवे विरुद्ध मीथ : निकाल आधीच लागलाय! पाच कारणं.' खाली हिरवे बाण, मग एक लिंक आणि शेवटी 'खात्रीची टिप, पुढे पाठवा.' ग्रुपवर येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला उत्तर द्यायला बसलो तर नोकरी सोडावी लागेल, म्हणून मी दुर्लक्ष करणार होतो. पण काल डब्लिनला शिकणाऱ्या माझ्या भाच्याने तोच मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, 'मामा, दोनशे युरो लावू का?' मग मात्र डोकं फिरलं.

सामना गॉलवे आणि मीथ या दोन जिल्ह्यांच्या संघांतला, गेलिक फुटबॉल या आयर्लंडच्या देशी खेळाचा आहे, ऑल-आयर्लंड स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी. रविवार, २९ जून २०२५, डब्लिनचं क्रोक पार्क मैदान. हरला तो घरी. गॉलवेचं पारडं जड आहे हे मलाही मान्य आहे. २०२२ आणि २०२४ अशा दोन अंतिम सामन्यांत खेळलेला संघ आहे तो. पण पारडं जड असणं वेगळं आणि निकाल लागलेला असणं वेगळं.

आता ती कारणं. पहिलंच वाचून मी कपाळावर हात मारला : 'मीथने केरीला हरवलं म्हणून उड्या मारू नका. त्या अख्ख्या सामन्यात मीथचा फक्त एक गोल झाला.'

अहो, स्कोअर वाचता येत नसेल तर निदान टिपा देऊ नका. टलामोरला झालेल्या त्या सामन्याचा निकाल होता मीथ १-२२, केरी ०-१६. या खेळात गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे असतात. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून गेला तर एक गुण. २०२५पासून गोलापासून ४० मीटरवर मैदानात आखलेल्या कमानीबाहेरून मारून वरून घालवला तर दोन. स्कोअरमध्ये आधी गोल लिहितात, मग वरून मिळवलेले गुण. म्हणजे मीथचे २५, केरीचे १६. नऊ गुणांनी धुतलं केरीला, या खेळातल्या सर्वांत यशस्वी जिल्ह्याला! आणि केरीचा तर एकही गोल नाही, ते मेसेजवाल्याला दिसलं नाही.

याच हिशोबाने एप्रिलमधला पोर्टलीशचा सामना बघा. डब्लिन १-१६, मीथ ०-२३. मेसेजवाल्याच्या मते हा डब्लिनने एक-शून्य असा जिंकला असणार. प्रत्यक्षात मीथने चार गुणांनी जिंकला, आणि २०११ ते २०२४ अशी सलग चौदा वर्षं लेन्स्टर या पूर्वेकडच्या प्रांताचं विजेतेपद घरी नेणाऱ्या डब्लिनची ती मालिका तिथेच थांबली. जीएए, म्हणजे हा खेळ चालवणारी संघटना, तिच्या निकालांच्या पानावर हे सगळं कुणालाही फुकट वाचता येतं. मेसेज लिहिणाऱ्याने ते एकदा जरी उघडलं असतं तरी पाचातली तीन कारणं लिहिली नसती.

केरीचे काही महत्त्वाचे खेळाडू त्या दिवशी दुखापतीमुळे नव्हते, हे खरं. गोलांना किंमत असते हेही खरं. मे महिन्यात लेन्स्टरच्या अंतिम सामन्यात लाउथने तीन गोल मारून याच मीथला दोन गुणांनी हरवलं, ३-१४ विरुद्ध १-१८. घ्या, एवढं दिलं.

दुसरं कारण सगळ्यांत घातक : 'बुकींनी गॉलवेला फेव्हरिट केलंय, म्हणजे पैसे खात्रीचे. लिंकवरून खातं उघडा, बोनस मिळेल.' ती लिंक जरा निरखून बघा. शेवटी 'रेफ' आणि एक नंबर चिकटवलेला आहे. तुम्ही खातं उघडलंत की त्या नंबरवाल्याला कमिशन. ही तुमची काळजी नाही, हा त्याचा धंदा आहे. आणि फेव्हरिट म्हणजे काय, तर समजा भाव 'एकाला दोन' आहे : दोन युरो लावले तर जिंकल्यावर नफा एक. तीनदा लावून दोनदा जिंकलात आणि एकदा हरलात तर हातात शून्य. म्हणजे भाव ठरवणाराच सांगतोय की तिनांत एकदा हे उलटू शकतं, वर त्याची कमाई त्या भावात आधीच धरलेली असते. यात खात्री कुठे आली? १९८२च्या अंतिम सामन्यात केरी सलग पाचव्या विजेतेपदासाठी ऑफली जिल्ह्यासमोर उतरली होती. ऑफलीकडून बदली म्हणून आलेल्या शेमस डार्बीने शेवटच्या मिनिटांत गोल मारला आणि ऑफली एका गुणाने जिंकलं. तेव्हाही 'खात्रीचे' पैसे लावलेले लोक असतीलच. खुद्द जीएएने २०१८ मध्ये सट्टेबाजी कंपन्यांची स्पॉन्सरशिप घ्यायची नाही असा ठराव केला, तो काय हौस म्हणून? इथे शिकायला आलेली आपली पोरं भाडं भरून महिनाअखेरीला किती उरतं ते मोजत असतात. त्यांच्या ग्रुपवर असलं काही टाकताना थोडी तरी लाज वाटू द्या.

तिसरं : 'मीथ हा छोटासा जिल्हा, माणसं कुठून आणणार?' २०२२च्या जनगणनेत मीथची लोकसंख्या २,२०,८२६. केरीची १,५६,४५८, आणि केरीकडे २०२४अखेर ३८ ऑल-आयर्लंड विजेतेपदं होती. पुढे.

चौथं : 'दोन वर्षांपूर्वी दुय्यम दर्जाच्या कपात खेळत होते.' टाल्चन कप. खेळत होते आणि २०२३ मध्ये जिंकलेही. २०२५च्या राष्ट्रीय लीगमध्ये दुसऱ्या विभागात होते तेही कबूल. पण यंदा गटातले तिन्ही सामने जिंकून पहिले आले, त्यामुळे त्यांना मधल्या फेरीतून सूट मिळाली. गॉलवे आपल्या गटात तिसरं. गेल्या आठवड्यात न्यूरीला जाऊन डाउनविरुद्ध कसंबसं वाचलं ते गॉलवेच. शिवाय मीथने ज्या डब्लिनला हरवलं, त्याच डब्लिनने गॉलवेला सॉल्टहिलमध्ये, म्हणजे घरच्या मैदानावर, हरवलंय. अशा त्रैराशिकाने सामने जिंकता येत नाहीत, पण मेसेजवाल्याला गणिताची आवड दिसते म्हणून सांगितलं.

पाचवं कारण इतिहासाचं : '२००१ला गॉलवेने मीथला लोळवलं होतं.' हे खरं, पण अर्धंच सांगितलंय. त्या वर्षी मीथने उपांत्य फेरीत केरीला २-१४ विरुद्ध ०-५ असं चिरडलं, पंधरा गुणांनी. सगळे म्हणाले, आता कप मीथचाच. अंतिम सामन्यात गॉलवे ०-१७, मीथ ०-८. त्या सतरापैकी दहा गुण एकट्या पॉड्रिक जॉइसचे. आज तोच जॉइस गॉलवेचा मॅनेजर आहे आणि मीथ पुन्हा केरीला झोडपून त्याच्यासमोर येतंय. मीथवाल्यांनी थोडं घाबरायला हरकत नाही. फक्त आजच्या संघातली बरीचशी मुलं तेव्हा शाळेतही जात नव्हती, त्यामुळे २००१चं ओझं त्यांच्यापेक्षा त्यांच्या बापांच्याच डोक्यावर जास्त.

खरी भीती वेगळीच आहे आणि मेसेजात तिचा पत्ता नाही. गॉलवेचा पॉल कॉनरॉय, २०२४चा सर्वोत्तम फुटबॉलपटू, कमानीबाहेरून दोन-दोन गुण मारतो. गोलकीपरची किकआउट, म्हणजे खेळ पुन्हा सुरू करायची किक, आता कमानीच्या पलीकडेच मारावी लागते, म्हणजे चेंडू मधल्या झोंबाझोंबीत पडणार. तिथे गॉलवेची उंच माणसं उडी मारून तो झेलायला लागली तर मीथचा कीपर बिली होगन कितीही लांब मारो, चेंडू परत त्याच्याच अंगावर येणार. आणि तिथे मीथने निम्मे जरी चेंडू काढले तर मीथच्या आक्रमक जॉर्डन मॉरिसला पुढे रोखायचं कसं, हे कोडं जॉइसला पडेल.