‘कान लावला की कळतंय’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

दादा, नमस्कार. चर खोदायच्या मशीनची सकाळची तपासणी या लेखावर तुम्ही मनापासून आणि जरा तिखट लिहिलंत, म्हणून उत्तरही लांबलंय. तुमचे मुद्दे तीन. एक, तासावर चालणारा जेसीबी रोज सकाळी २५ मिनिटं उभा करणं मालकाला परवडत नाही. दोन, मुरलेला ऑपरेटर स्टार्टर मारल्या मारल्या आवाजावरून मशीनची तब्येत ओळखतो. तीन, चरात माणसं दगावतात ती माती ढासळून, मग मशीनचे नट-बोल्ट बघून काय उपयोग? जाता जाता ट्रॅक्टरच्या ट्रेंचरबद्दलही, म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडून चेननं चर कापायच्या यंत्राबद्दलही विचारलंत, ते शेवटी घेतो.

आधी कानाचं. इंजिनापुरतं तुमचं म्हणणं मान्य. बेल्ट किंचाळला, टर्बोची शिट्टी बदलली, हायड्रोलिक पंप कण्हायला लागला की चांगला ऑपरेटर हातातला चहा ठेवून खाली उतरतो. पंप कण्हतोय म्हणजे बहुतेक वेळा ऑइल कमी आहे किंवा सक्शनमधून हवा ओढली जातेय. पण चरावर माणसाच्या अंगावर येणारे बिघाड बहुतेक मुके असतात. बकेटच्या पिनचा लॉकबोल्ट गळून पडला तर कसलाही आवाज होत नाही. पिन रोज थोडी थोडी बाहेर सरकत राहते आणि एक दिवस भरलेली बकेट एका बाजूनं लोंबकळते. खाली पाईप जुळवणारा माणूस असतो.

पिनच्या तोंडाशी लालसर भुकटी दिसली की समजायचं, ग्रीस आतपर्यंत पोचत नाही आणि बुश, म्हणजे पिनभोवतीची नळी, कोरडा घासतोय. पिनच्या डोक्याभोवती ताजा चकचकीत ओरखडा असेल तर पिन स्वतःच फिरतेय, म्हणजे लॉक गेलंय. वेल्डिंगच्या कडेला रंगात केसाएवढी रेघ आणि तिच्यातून गंजाचा ओघळ दिसला तर ती भेग धरायची, रंग उडालाय म्हणून सोडायची नाही. हे दिसायचं तर आधी माती खरवडली पाहिजे. शिरोळ-हातकणंगले भागातली काळी माती बूमच्या, म्हणजे खोदायच्या मुख्य हाताच्या, सांध्यात अशी चिकटते की तिच्याखाली अख्खा बोल्ट नाहीसा झालेला कळत नाही. संध्याकाळी काम सुटताना पाणी मारलं तर सकाळचं निम्मं काम झालं.

होजचंही, म्हणजे दाबाचं ऑइल नेणाऱ्या रबरी नळीचंही तसंच. बूम आणि डिपरच्या (बकेट धरणाऱ्या पुढच्या हाताच्या) सांध्यात होज वाकतो आणि घासतो, तिथं बघायचं. वरचं रबर तडकलंय तर लक्ष ठेवायचं. आतली तार दिसली किंवा फुगा आला तर होज बदलायचा, ‘आजचा दिवस काढू’ म्हणायचं नाही. गळती शोधायला हात फिरवायची सवय मात्र मोडा. काम चालू असताना आतला दाब २०० बारच्या वर जातो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, त्यावरून अंदाज करा. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून आलेली धार हातमोज्यातून कातडीत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही आणि काही तासांत बोट किंवा हात गमवायची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवा, त्यावर डाग पडतो. तरीही कुणाला धार लागलीच तर गावातल्या दवाखान्यात मलमपट्टी करून घरी पाठवू नका. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी न्या आणि ‘दाबाचं ऑइल आत गेलंय’ हे शब्द डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता जॅक, म्हणजे खोदताना मशीनला तोलून धरणारे मागचे दोन पाय. हा बिघाड मुका तर असतोच, कोरडाही असतो. सिलिंडरच्या आतलं सील किंवा ऑइल मागे जाऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह गळतो तेव्हा बाहेर ऑइलचा थेंब दिसत नाही. मशीन नुसतं एका अंगाला हळूहळू कलतं. तपासायची रीत सोपी. चरापासून लांब, सपाट आणि टणक जागा घ्या, काँक्रीट असेल तर उत्तम. दोन्ही जॅक टेकवून मागची चाकं चार बोटं उचला आणि इंजिन बंद करा. मागच्या फ्रेमच्या दोन्ही टोकांपासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपनं मोजा. दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. एका बाजूचं अंतर कमी झालं तर तो जॅक चराच्या कडेला वापरायच्या लायकीचा नाही. तोवर मशीनखाली कुणी जायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. आणि ही चाचणी सकाळपेक्षा जेवणाच्या सुट्टीत घ्या. गार ऑइल दाट असतं, ते सीलमधून सहज निसटत नाही; दोन-तीन तास काम करून तापलेलं ऑइल खरं काय ते दाखवतं.

ऑइलची पातळी बघतानाही बूम आणि बकेट मॅन्युअलमध्ये दिलेल्या स्थितीतच ठेवा. सिलिंडर बाहेर आलेले असतील तर तेवढं ऑइल टाकीतून तिकडे गेलेलं असतं. काचेत कमी दिसतं म्हणून माणूस वरून ओततो आणि बूम मिटल्यावर टाकी ओसंडते.

रस्त्यावर निघण्याआधी ब्रेकचे दोन पेडल जोडणारी पट्टी बसवलीय का ते बघा. शेतात वळताना ती काढलेली असते. तशीच राहिली आणि उतारावर एकाच पेडलवर पाय पडला तर एकाच बाजूचं चाक धरतं आणि साडेसात टनांचं मशीन आडवं वळतं. बूमचं लॉक आणि स्लूची पिन (बूम बाजूला फिरू न देणारी) याच वेळी. चाकाच्या नटाखालून गंजाचा ओघळ आलेला असेल तर तो नट ढिला आहे.

तिसरा मुद्दा मातीचा. इथं तुम्ही अर्धं बरोबर बोललात, पण माती आणि मशीन वेगळं काढता येत नाही. एक घनमीटर माती म्हणजे साधारण पावणेदोन टन. तिच्या काठावर मशीनचा जॅक टेकवला, त्यातही तो खचणारा, तर भिंत सुटायला वेगळं निमित्त लागत नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे १.५ मीटर किंवा त्याहून खोल चराच्या बाजू उतरत्या कापायच्या किंवा फळ्यांचा आधार द्यायचा. उकरलेली माती काठापासून १.५ मीटर किंवा खोलीच्या निम्म्याइतकी, यातलं जे जास्त असेल तेवढी लांब टाकायची. म्हणजे तीन मीटर खोल चरालाही माती दीड मीटर लांब. १.२ मीटर किंवा त्याहून खोल चरात दर ३० मीटर लांबीला एक शिडी, जमिनीच्या वर निदान ९० सेंटिमीटर निघालेली. आपल्याकडे माती काठालाच ढीग मारून ठेवतात, कारण बुजवताना सोपं जातं.

आपल्या भागात आणखी एक गोम आहे. पंचगंगेच्या काठानं उसाला पाणी नेणाऱ्या पाईपलाईनी एकीला लागून एक गेलेल्या असतात. नवा चर जुन्या लाईनीशेजारी काढला की एका बाजूची भिंत म्हणजे जुना भराव, तोही बहुतेकदा गळतीनं ओला. वर काळी माती आणि खाली मुरूम असेल तर मुरूम उभा राहतो आणि काळ्या मातीचा अख्खा पापुद्रा त्यावरून घसरतो. काठाला समांतर भेग दिसली की आधी माणसं बाहेर, मग मशीन मागे. रात्री पाऊस झाला असेल तर कालची तपासणी रद्द धरून नव्यानं बघायचं. वर महावितरणच्या तारा असतील तर बूम पूर्ण उंचावल्यावरही ३ मीटर अंतर राहील अशी जागा धरा.

आता पैशाचं. त्या २५ मिनिटांतली पंधरा-सतरा मिनिटं किल्ली बंद असते आणि अवरमीटर इंजिन चालू असताना पळतो. मग बिलात जातं काय? आठ-दहा मिनिटं. ती कुणी सोसायची हे मशीन न्यायचं-आणायचं भाडं ठरवता तेव्हाच बोलून घ्या. उलट बाजूही मांडून बघा. गगनबावड्याकडे काम चालू आहे, होज फुटला, त्याची टोकं मशीनवर दाबून (क्रिंप करून) आणायला ५० वर किलोमीटर कोल्हापूर. अर्धा दिवस गेला, वर शेतकऱ्याच्या शिव्या.

प्रत्येक बिघाडाला मशीन उभं करा असं मी म्हणत नाही. बकेटचा दात झिजलाय, दिवा गेलाय, सीटचं रेक्झिन फाटलंय, तर संध्याकाळी बघा. ब्रेक, स्टिअरिंग, खचणारा जॅक, तार दिसणारा होज, लॉक नसलेली पिन, बूमवरची भेग, बंद हॉर्न यातलं काही आढळलं तर किल्ली काढून खिशात. केबिनमधल्या वहीत तारीख, अवरमीटरचा आकडा आणि बिघाड लिहा. ऑपरेटर बदलला की नव्याला तेवढंच हाताशी असतं.

ट्रेंचरचं थोडक्यात. पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद मागच्या यंत्राला देणारा शाफ्ट, मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. खांद्यावरचा टॉवेल गुंडाळला गेला तर सोडवायला वेळच नसतो. म्हणून शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण फुटलेलं असेल तर मशीन जोडायचंच नाही. चेनचा ताण बघायला आणि दात बदलायला ट्रॅक्टर बंद, किल्ली हातात. आणि शिअर बोल्ट सारखा तुटतो म्हणून त्या जागी हाय टेन्साईल, म्हणजे जादा मजबूत, बोल्ट घालू नका. तो तुटण्यासाठीच दिलेला असतो. तो तुटला नाही तर दगड लागल्यावर गिअरबॉक्स तुटतो.