सिंगापूरला निघालेल्या आप्तेष्टांसाठी

आज दुपारी एका नातेवाइकांनी आपल्या सिंगापूर सहलीचा कार्यक्रम घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. युनिव्हर्सल स्टुडिओ, सेंटोसा, मरीना बेची गच्ची, मुस्तफामध्ये खरेदी आणि रोज दोन्ही वेळा ‘भारतीय जेवण’. त्याखाली कोणीतरी लिहिले की त्या शहरात मॉल सोडले तर बघण्यासारखे काही नाही. त्या वाक्याचा मला मनापासून राग आला.

वॉटर्लू स्ट्रीटवर क्वान इम या बौद्ध देवतेच्या मंदिराशेजारीच १८७० साली स्थापन झालेले कृष्णमंदिर आहे. एका मंदिरातून बाहेर पडलेले चिनी भाविक दुसऱ्यासमोरही हात जोडतात. आम्ही गेलो होतो तेव्हा एक वृद्ध चिनी बाई हातात उदबत्त्या धरून, डोळे मिटून कृष्णमंदिरासमोर उभ्या होत्या. तेवढ्यात मराठी बोलणारी काही मंडळी आली आणि त्यांच्यापैकी एकाने हसत हसत मोबाइल थेट त्या बाईंच्या तोंडासमोर धरला. बाईंनी प्रार्थना पूर्ण केली आणि बाजूला सरून त्याच मंडळींना दर्शनासाठी वाट करून दिली. मला तेव्हा वाटलेली शरम अजून गेलेली नाही.

हे शहर पाहायचे तर आधी माणसांशी नीट वागायला हवे. प्रार्थना करणाऱ्याचे छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये. चायनाटाउनमधील साउथ ब्रिज रोडवर १८२७ सालचे मारिअम्मन मंदिर आहे आणि तेथून काही पावलांवर तमिळ मुसलमानांची जामे मशीद आहे. दोन्हीकडे पादत्राणे बाहेर काढावी लागतात, म्हणून खांदे व गुडघे झाकणारे सुती कपडे आणि सहज निघणाऱ्या चपला घालून निघावे. विषुववृत्त अगदी जवळ असल्यामुळे दुपारी घामाने जीव नकोसा होतो आणि पाऊस न सांगता येतो. पायी फिरणे सकाळी लवकर उरकावे, छत्री जवळ ठेवावी आणि बाटली नळावर भरून घ्यावी, कारण तेथील नळाचे पाणी थेट पिता येते.

जेवणाबद्दल तर मला फार बोलायचे आहे. मलाय, चिनी आणि तमिळ स्वयंपाक एका छपराखाली मांडणाऱ्या तेथील हॉकर सेंटरच्या संस्कृतीला २०२० साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले, आणि आपण मात्र नाकाला रुमाल लावून त्यांच्यासमोरून जातो. शाकाहारी माणसांची अडचण खरी आहे, हे मी नाकारत नाही. पण चिनी बौद्धांच्या शाकाहारी जेवणात कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्यांनी आणखी काय मागावे? लिटल इंडियातील टेक्का सेंटरमध्ये डोसाही मिळतो. टेबलावर टिश्यूचे पाकीट ठेवलेले दिसले तर ती जागा कोणीतरी धरलेली आहे असे समजावे. जेवण झाल्यावर आपला ट्रे स्वतः नेऊन ठेवावा. हलाल पदार्थांच्या ट्रेची जागा वेगळी असते, ती पाहून ठेवावा.

कोणी म्हणेल की हा सलोखा आपोआप आलेला नाही, सरकारी वसाहतींत कोणत्या वंशाची किती कुटुंबे असावीत याची मर्यादा १९८९ पासून ठरलेली आहे. असेल. पण त्या बाईंना कृष्णासमोर उभे राहायला कोणत्याही कायद्याने सांगितले नव्हते, आणि त्यांच्याकडे पाहून हसणाऱ्यांना वाट करून द्यायलाही नाही.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. मुलांना युनिव्हर्सल हवेच असते आणि आईवडिलांना उन्हात चालवत नाही, हेही मी जाणतो. म्हणून माझी विनंती लहानशी आहे. खरेदीचा एक अर्धा दिवस वॉटर्लू स्ट्रीटला द्या. मर्लायनसमोर, म्हणजे सिंहाचे तोंड आणि माशाचे अंग असलेल्या प्रसिद्ध पुतळ्यासमोर, फोटो काढून झाले की पादचारी पुलावरून एस्प्लनेड पार्ककडे चालत जा. नेताजींनी याच शहरातील कॅथे इमारतीत २१ ऑक्टोबर १९४३ रोजी आझाद हिंद सरकारची घोषणा केली होती. पार्कातील आझाद हिंद सेनेचे स्मारक १९४५ मध्ये परतलेल्या ब्रिटिशांनी पाडले आणि त्या जागेची खूण १९९५ मध्ये उभारली गेली. सहलीची बस तेथे थांबणार नसेल, तर मुलांना घेऊन तुम्ही स्वतः जा.