पांढरा डाग दिसला, म्हणजे एमएस?

सध्या फिरणाऱ्या एका संदेशात तीन ठाम विधानं आहेत: मेंदूच्या एमआरआयत पांढरे डाग म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू-मज्जारज्जूतल्या चेतातंतूंच्या आवरणावर उलटते तो आजार), इंजेक्शननंतर ते चमकले नाहीत तर आजार शांत, आणि ३ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनवर सगळं दिसतं. तिन्ही चूक. पहिलं सर्वांत घातक, कारण त्यापायी नको ती औषधं सुरू होतात.

‘पांढरे डाग म्हणजे एमएस.’ फ्लेअर या प्रकारच्या एमआरआय चित्रात असे डाग मायग्रेन, उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा नुसत्या वाढत्या वयानंही येतात. एमएससाठी डाग किमान ३ मिमीचा लागतो आणि जागाही ठरलेल्या आहेत: व्हेंट्रिकलला (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीला) चिकटून, कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाहेरच्या थरात) किंवा त्याला लगटून, मेंदूस्तंभ-लहान मेंदूत, मज्जारज्जूत. एमएसच्या निदानासाठीच्या मॅकडोनल्ड निकषांच्या २०२४च्या सुधारित आवृत्तीत डोळ्याच्या नसेचीही भर पडली, आणि मधल्या शिरेच्या खुणेलाही मान्यता मिळाली. एमएसचा दाह बारीक शिरेभोवती सुरू होतो. शिरेतल्या ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनमुळे एसडब्ल्यूआय चित्रात (शिरा आणि लोह टिपणाऱ्या एमआरआय प्रकारात) ती काळी उमटते, डागाच्या मधोमध रेघ किंवा ठिपका म्हणून. मोजणीत मात्र ढिलाई चालत नाही. शीर २ मिमीपेक्षा बारीक हवी आणि एकमेकांना लंब असलेल्या किमान दोन छेदांत दिसायला हवी. एकमेकांत मिसळलेले किंवा दोन-तीन शिरांचे डाग धरायचे नाहीत. असे सहा डाग भरले तर कौल एमएसकडे झुकतो. एकूण डाग दहाच्या आत असतील तर शिरेवाले बिनशिरेच्यांपेक्षा जास्त हवेत.

‘चमकले नाहीत, म्हणजे शांत.’ गॅडोलिनियमची (इंजेक्शनमधल्या द्रव्याची) चमक रक्त-मेंदू अडसर (रक्तातले पदार्थ मेंदूत शिरू न देणारी भिंत) फुटका असेपर्यंतच, सहसा दोन ते आठ आठवडे. इंजेक्शननंतर पाच मिनिटंसुद्धा न थांबता चित्रं घेतली तर खरी चमकही निसटते. दहा मिनिटं थांबणं उत्तम. चमक विझल्यावरही काही डागांच्या काठावर लोह साठलेल्या मायक्रोग्लिया (मेंदूतल्या प्रतिकार) पेशी वर्षानुवर्षं धुमसतात. एसडब्ल्यूआयसोबतच्या फेज चित्रात त्यांची कडा दिसते. काळी की पांढरी, हे मशीनच्या कंपनीवर ठरतं. २०१९मध्ये संशोधक अब्सिंटा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की असे चार किंवा अधिक डाग असलेल्यांना अपंगत्व लवकर येतं. ताज्या, चमकणाऱ्या डागालाही तात्पुरती कडा येते. तो यात धरत नाहीत.

‘३ टेस्ला म्हणजे सगळं.’ कॉर्टेक्समधले बरेचसे डाग ३ टेस्लावरच्या फ्लेअरमध्येही दिसत नाहीत. डबल इन्व्हर्जन रिकव्हरी या वेगळ्या एमआरआय प्रकारात काही सापडतात, ७ टेस्लावर आणखी, तरीही सगळे नाहीत. शिवाय ३ टेस्लावर फटी सोडून घेतलेल्या ५ मिमीच्या छेदांपेक्षा १.५ टेस्लावरचं १ मिमीचं थ्रीडी फ्लेअर जास्त उपयोगी. छापील फिल्मच्या मोहात मूळ चित्रांची सीडी घ्यायला विसरू नये, आणि एसडब्ल्यूआयची फेज चित्रं साठवायला सेंटरला तपासणीआधीच सांगावं. ती पुसली गेली की कडा शोधायला पुन्हा मशीनमध्ये जावं लागतं.