‘रब काळा पडतो, कडू लागतो, घरचा मसाला बरा’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. किलोभर चिकन लेग दही, लिंबू आणि मिठात रात्रभर मुरवले, त्यावर आमच्या रबचा, म्हणजे भाजण्याआधी मांसावर चोळायच्या कोरड्या मसाल्याचा, १०० ग्रॅमचा अख्खा पुडा चोळला आणि पेटत्या कोळशावर २५ मिनिटं भाजले, असं तुम्ही लिहिलंय. बाहेरून काळं, कडू, खारट. आत हाडापाशी कच्चं. इतकं नेमकं लिहिलंत, म्हणून कारणंही नेमकी सांगता येतात.

आधी खारटपणा. पुड्यात २५ टक्के मीठ आहे आणि मागे प्रमाण छापलंय किलोला ५० ग्रॅम, म्हणजे साडेबारा ग्रॅम मीठ. अख्ख्या पुड्याने ते २५ ग्रॅम झालं, दह्यातलं वेगळंच. हाडासकट किलोभर चिकनला १२ ते १५ ग्रॅम मीठ पुरे होतं.

कडवटपणाचं मूळ दही आणि आच या दोन्हींत आहे. रब हा कोरडा मसाला, त्याला कोरडं मांस लागतं. दह्यावर तो चिखलासारखा होतो आणि भाजताना ओघळतो. दही आणि चरबी निखाऱ्यावर पडली की ज्वाळ उठते, तिची काजळी मांसावर बसते. त्यात भर म्हणजे रबमधली गूळ पावडर १८० अंशांच्या पुढे करपू लागते, आणि थेट निखाऱ्यावरची जाळी त्याहून कितीतरी जास्त तापलेली असते.

‘गोड कशाला घालता?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. गोडसर रब ही अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीकडची पद्धत. तिथे मांस ११० ते १२० अंशांच्या मंद धगीवर तासन्‌तास ठेवतात, त्यामुळे साखर जळत नाही, तिचा गडद थर जमतो. टेक्सासमध्ये बीफ ब्रिस्केटला (छातीकडच्या गोमांसाला) बहुधा मीठ-मिरीच चोळतात. आपल्या शेगडीवर गोड रब चालतो, पण निखारे एका बाजूला सारून मांस दुसऱ्या बाजूला ठेवायचं आणि वर झाकण घालायचं. लेगला साधारण ४० ते ४५ मिनिटं. हाडाजवळ ७४ अंश झाले की शिजलं, आम्ही लेग ८० च्या पुढे नेतो, म्हणजे सांध्यापाशी चिवट राहत नाही. थेट निखाऱ्यावर फक्त शेवटची दोन मिनिटं.

थर जमलाय की करपलाय, हे सुरीच्या टोकाने खरवडून कळतं. जमलेला थर तांबूस-काळा असतो, खपलीसारखा तुटतो. करपलेला बोटाला काजळीसारखा लागतो.

घरी करायचा असेल तर जरूर करा. किलोभर चिकनला: काश्मिरी मिरची पूड १४ ग्रॅम, गूळ पावडर ८, भरड मिरी ५, धणे ५, लसूण पावडर ४, जिरे ३, मोहरीची पूड १. धणे-जिरे नुसते कुरकुरीत होईपर्यंत गरम करून भरड दळा. खमंग भाजू नका, कोळशावर ते पुन्हा भाजलेच जाणार असतात. थेट आचेवरच करायचं असेल तर गूळ वगळा. मीठ यात मिसळू नका. १४ ग्रॅम मीठ आदल्या रात्री चिकनला लावा आणि फ्रिजमध्ये उघडंच ठेवा. मीठ आतपर्यंत मुरतं, मसाला वरच राहतो, म्हणून मीठ आधी हवं. ‘आत बेचव’ ही तक्रार बहुतेकदा इथेच मिटते. सकाळी कागदाने टिपून तेलाचा पुसट हात फिरवा आणि भाजण्याआधी अर्धा तास मसाला चोळा. दही हवंच असेल तर ती तंदुरीची वाट. तिथे मसाला दह्यातच कालवायचा, वरून रब नको.

पुडा महिनाभरात गोळा झाला, असंही तुम्ही म्हटलंय. गूळ हवेतली ओल धरतो. गरम चिकनवर थेट पुड्यातून भुरभुरलं की वाफ आत शिरते, म्हणून लागेल तेवढा वाटीत काढून घ्या आणि पुडा घट्ट बंद करा. नुसता गोळा झालेला, वास-चव ठीक असलेला मसाला चाळणीवर चोळला की वापरता येतो. कच्च्या चिकनचा हात लागलेला मात्र टाकूनच द्या. ऑर्डर क्रमांक कळवलात तर बिनगुळाचा पुडा आमच्या खर्चाने पाठवतो.