‘एमआरआय नॉर्मल म्हणजे सगळं मनाचं’ : खुलासा

मुंग्या, झटके, तोल जाणं असं काही असूनही एमआरआय नॉर्मल आला, तर दुखणं मनाचं असतं, असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. एमआरआय मेंदूची आणि मणक्याची रचना दाखवतो. मायग्रेन, मायस्थेनिया (स्नायू लवकर थकण्याचा आजार), फिट्सचे बरेच प्रकार त्यात दिसत नाहीत. तळपायांची आग होत असेल तर एनसीव्ही (नसांमधून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी) हीही नॉर्मल येऊ शकते, कारण ती नसांमधले जाड तंतूच मोजते. बारीक तंतूंसाठी त्वचेची बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी करतात.

बी१२ जीवनसत्त्व कमी पडल्यानेही मुंग्या येतात; त्याची तपासणी गोळ्या-इंजेक्शनं सुरू करण्याआधी करा. नंतर आकडा फुगतो आणि कमतरता झाकली जाते. ‘ताकदीच्या’ गोळ्यांतलं बी६ महिनोन्‌महिने जास्त गेलं तर त्यानेच मुंग्या येतात, हे दुकानात कोणी सांगत नाही.

फंक्शनल विकाराचं (मेंदूची रचना ठीक, पण काम बिघडलेलं) निदानही ‘काही सापडलं नाही’ एवढ्यावर होत नाही. हूव्हर साइनसारख्या (दुसरा पाय उचलताना कमजोर पाय आपोआप जोराने खाली दाबला जातो) खुणा तपासाव्या लागतात. आणि तो असला तरी ते ढोंग नव्हे.

झटक्याचा व्हिडिओ घ्या, डोळे उघडे की मिटलेले ते त्यात दिसू द्या; झटका फिटचा की फंक्शनल हे ओळखायला त्याची मदत होते.

अचानक तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर तो पक्षाघात (स्ट्रोक) असू शकतो; तेव्हा मात्र व्हिडिओ-नोंदी करत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं औषध साधारण 4.5 तासांच्या आतच देतात.