तुमचे ९० रुपये आमच्याकडे राहिलेत

नमस्कार दादा,

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी तुम्ही पुण्याहून सहकुटुंब आला होता, महाद्वार रोडजवळच्या आमच्या मिसळीच्या दुकानात. घरी पोचल्यावर एक स्टार दिलात आणि खाली बरंच लिहिलंत. चाळीस मिनिटं ताटकळत ठेवलं. मागून आलेल्या ओळखीच्यांना आधी बसवलं. पाव मागितला तर ब्रेड आणून ठेवला, आणि जादा ब्रेडचे पैसे लावले. तिखट कमी करा म्हटल्यावर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "झेपत नसंल तर इडली खावा की." नाश्त्याला सहाशे रुपये गेले. आणि आमच्याच माणसानं दाखवलेल्या दुकानातनं कोल्हापुरी चप्पल घेतली, तिचा चार दिवसांत तळ सुटला. शेवटी लिहिलंय, "सगळी साखळी आहे यांची, पर्यटकांना लुटायची."

मी आत भट्टीजवळ उभी असते ती. उत्तराला आठ दिवस लागले, कारण त्या दिवसाची वही आणि बिलबुकाची प्रत शोधायची होती. मी बोलतेय आणि लेक टाइप करतेय. आम्ही कोल्हापूरच्या बायका "मी सांगतो, मी येतो" असंच बोलतो, ते तिनं सगळं सुधारून "सांगते, येते" केलंय. तेवढं एक सोडलं तर शब्द माझेच आहेत.

आधी त्या पोराचं. "असल्या मुलाला कामावरून काढा," असं तुम्ही लिहिलंय. काढलं असतं, पण तो माझाच आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीत गल्ल्यावर बसतो. तुमचा अभिप्राय त्याला मोठ्यानं वाचायला लावला. पहिल्यांदा हसला, मग तुमच्या मुलीचं वाक्य आलं, की ती रडत होती आणि हा हसत होता, तिथं गप्प झाला. आमच्याकडं बोलण्यात थोडा रांगडेपणा असतो आणि आम्हाला त्याचं कौतुकही फार. पण सात वर्षांच्या पोरीसमोर केलेली चेष्टा कुठल्याच गावात चेष्टा होत नाही. ती चूक आमची. त्याला उरलेली सुट्टी गल्ल्यावरनं उठवून आत कांदा चिरायला बसवलं होतं. रोज दहा किलो. डोळ्यांतनं पाणी येणं म्हणजे काय ते त्यालाही कळलं.

थांबण्याचं. वहीत तुमचं नाव ९.५० ला आहे आणि टेबल १०.२५ ला मिळालंय. पस्तीस मिनिटं होतात, पण पाच मिनिटांवरनं मी वाद घालणार नाही, उपाशी पोटी पस्तीसची पन्नास वाटतात. नाताळची सुट्टी, त्यात रविवार, अंबाबाईचं दर्शन उरकून सगळी गर्दी एकदम आमच्या गल्लीत उतरते. आमच्याकडं टेबलं आठ. पाच माणसं एकत्र बसायची तर त्यातली दोनच चालतात. हे दारातच सांगायला पाहिजे होतं, म्हणजे तुम्ही तेवढ्यात गुजरीतनं, इथल्या सराफ बाजारातनं, एक चक्कर मारून आला असता. आता दारात पाटी लावलीय आणि वहीत नावापुढं अंदाजे वेळही लिहून देतो.

तुमच्या मागून येऊन आधी बसलेले ते दोन म्हातारे. ते भिंतीकडच्या बाकड्यावर बसतात. तिथं दोनच माणसं मावतात आणि पंख्याचं वारंही लागत नाही, त्यामुळं तुमची जागा त्यांनी घेतली असं झालेलं नाही. पण ओळखीपायी बसवलं असं तुम्ही म्हणता, तर हो, ओळखीपायीच. सासूबाई रॉकेलच्या स्टोव्हवर मिसळ करायच्या तेव्हापासून ते दोघं येतात. रंकाळ्यावर फिरून झालं की इथं. एक दिवस आले नाहीत तर आमचे हे फोन करून विचारतात. हे मी बदलणार नाही. त्यापायी एक स्टार कमी झाला तर होऊ दे.

आता मिसळ. इथं मी जरा भांडणार आहे, राग मानू नका.

कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेडच येतो, लादीपाव नाही. पाव संपला म्हणून आम्ही ब्रेड खपवत नाही. जाड कापलेली स्लाइस, बेकरीतनं सकाळी सहाला येते. कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, पातळ असतो, स्लाइस तो पिते आणि तरी हातात धरवते. पुण्यात बऱ्याच ठिकाणी पाव देतात, नाशकात वर पापड आणि दही असतं, ज्याची त्याची रीत. बोर्डावर लिहिलंय की प्लेटमध्ये दोन स्लाइस, पुढचा जोड १५ रुपये, कट पोटभर, त्याचे पैसे नाहीत. तुम्ही दोनदा कट मागवलात, तो बिलात शोधा, सापडणार नाही.

आणि तिखट. तुम्ही लिहिलंय, "नुसता लाल रंग आणि तेल, चव शून्य." दादा, हे मला सगळ्यात जास्त लागलं. मटकी आधी रात्रभर भिजते, मग फडक्यात बांधून मोड यायला अजून एक दिवस. पहाटे साडेचारला कांदा आणि सुकं खोबरं भाजायला घेते. खोबरं काळं पडायच्या आत उतरवायचं, दोन मिनिटं इकडं-तिकडं झाली की सगळा कट कडू. त्यात आलं-लसूण, आणि आमची कांदा-लसूण चटणी. तुम्ही मसाला म्हणता त्याला आम्ही चटणी म्हणतो. ती उन्हाळ्यात वर्षाची करून ठेवतो. मिरच्या गच्चीवर वाळवायच्या, देठं काढायची, मसाले परतायचे आणि डंकावर जाऊन स्वतः उभं राहून कुटून आणायचं. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. तुम्हाला दिसला तो लाल रंग ब्याडगीचा, तो जिभेला फारसं काही करत नाही. वर जो तवंग येतो तोही वेगळा ओतलेला नसतो. चटणी मंद आचेवर तेलात नीट परतली की उकळताना तेल आपणहून वर येतं. ज्या कटावर तवंग नाही तो आमच्यात कच्चा समजतात.

तिखट कमी करून द्या म्हणजे काय करायचं? त्यात पाणी घातलं तर ते ना मिसळ राहतं ना आमटी. पण दुसरा रस्ता होता, आणि तो तुम्हाला कुणी सांगितला नाही. मटकी, बटाटा, फरसाण, कांदा कोरडंच द्यायचं आणि कट वाटीत वेगळा. मग ज्यानं त्यानं चमच्यानं हवा तेवढा घ्यायचा. आमच्या घरातली लहान पोरं तशीच खातात. पोरानं इडलीचा शहाणपणा करण्याऐवजी एवढं सांगितलं असतं तर तुमच्या लेकीनं साखर लावून ब्रेड खाल्ला नसता. दह्याची वाटीही आता ठेवतो. सासूबाईंना कळलं तर ओरडतील, पण त्या हल्ली फक्त संध्याकाळी दुकानात येतात आणि मिसळ दुपारी एकलाच संपते.

पार्किंगबद्दल काय बोलू. महाद्वार रोडला आमचीच स्कूटर लावायला जागा नसते. गाडी बिंदू चौकात लावून चालत यावं.

आता ते सहाशे रुपये. बिलबुकाची प्रत काढली. तुमचं बिल ५८५ चं. मिसळ पाच, प्रत्येकी ९० प्रमाणे ४५०. स्लाइसचे जादा जोड चार, त्याचे ६०. ताक तीन, प्रत्येकी २५, म्हणजे ७५. बेरीज बरोबर आहे. पण तुम्ही स्वतःच लिहिलंय की मुलीनं मिसळ घेतलीच नाही. मग आतली ऑर्डरची चिठ्ठी बघितली, तिच्यावर मिसळ चार. पोरानं ताटं न मोजता डोकी मोजली. तुमचं बिल ४९५ व्हायला पाहिजे होतं. महाग आहे म्हणून तुम्ही रागावलात, पण जास्त घेतलंय हे तुमच्याही लक्षात आलं नव्हतं. तुम्ही पैसे ऑनलाइन दिले होते, तर त्याच नंबरवर ९० रुपये पाठवायला घेतले, पण तुमच्याशी न बोलता पाठवणं बरं वाटलं नाही. दुकानाच्या नंबरवर "हो" एवढाच मेसेज टाका.

राहिली चप्पल. खरं तर उत्तर लिहायला बसले ते हिच्यामुळं.

साखळी वगैरे काही नाही. त्या दुकानातनं आम्हाला चहासुद्धा येत नाही. तुम्ही बिल देताना विचारलंत की अस्सल चप्पल कुठं मिळेल, आणि आमच्या ह्यांनी वीस वर्षांच्या सवयीनं हात करून ते दुकान दाखवलं. पूर्वी तिथं एक म्हातारे गृहस्थ बसायचे, गिऱ्हाइकासमोर चप्पल वाकवून दाखवायचे. ते आता नाहीत. माल कुठनं येतो हे आम्ही कधी जाऊन बघितलं नाही. न बघता दाखवलं, ही आमची चूक, आणि तुमचे १८०० रुपये आमच्या शब्दावर गेले. तुमचा फोटो घेऊन मी स्वतः तिथं गेले. आधी म्हणाले पाण्यात भिजवली असेल. मी म्हटलं, फोटोत तळाच्या आत पुठ्ठा दिसतोय, तो पाण्यानं उगवला काय? मग म्हणाले, घेऊन या, बदलून देतो.

एक गोष्ट मात्र तुमची दुरुस्त करते. "अथणीचा माल कोल्हापुरी म्हणून गळ्यात मारला," असं तुम्ही लिहिलंय. अथणीची असणं ही फसवणूक नव्हे. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून. आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणी बेळगाव जिल्ह्यात येते, आणि तिथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात. फसवणूक आहे ती पुठ्ठ्याची. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं कोल्हापूरचं नाव न घेता तसल्याच चपला दाखवल्या आणि गदारोळ झाला, त्यानंतर आमच्या गल्लीतही चपला विचारत येणारे वाढले. गिऱ्हाईक वाढलं की पुठ्ठाही येतोच मागोमाग.

पुढच्या वेळी घेताना टाचेची कड बघा. खऱ्या चपलेत चामड्याचे थर एकावर एक दिसतात, तपकिरी, थोडे वेडेवाकडे. नख रुतवलं तर पापुद्रा सुटत नाही. शिलाई चामड्याच्याच वादीची असते, खिळा नसतो. जोडीतली डावी-उजवी अगदी छापल्यासारखी सारखी असेल तर संशय घ्या, हातानं कापलेल्यात उन्नीस-बीस राहतंच. वास चामड्याचा यायला हवा, डिंकासारखा नको. आणि नवी चप्पल चावणार, त्याला इलाज नाही. खोबरेल लावून घरात चार दिवस घाला. अस्सल असली तरी पावसात मात्र घालू नका.

चप्पल घेऊन या, कधीही, रविवार सोडून. दुकानात मी तुमच्याबरोबर येईन. त्यांनी टाळाटाळ केली तर सुभाषनगरात एक कारागीर आमच्या ओळखीचे आहेत, ते नवीन तळ घालून देतील, त्याची मजुरी आम्ही देऊ. सकाळी आठच्या आत आलात तर टेबल रिकामं असतं, आणि पोरगं तोवर कॉलेजला गेलेलं असतं.