काशियास स्टेशनवर मामा उभा राहिला

मी लिस्बनला राहते त्याला आता दहा वर्षं होतील. दरवर्षी उन्हाळ्यात कोणी ना कोणी घरचं येतं आणि मग ठरलेला फेरा होतो, बेलेंचा मनोरा, जेरोनिमोसचा मठ, तिथून दोन मिनिटांवर 1837 पासून चालू असलेल्या दुकानातले गरमागरम पाश्टेल म्हणजे कस्टर्ड भरलेले छोटे टार्ट (वर दालचिनी भुरभुरवून), दुसऱ्या दिवशी सिंत्रा, तिसऱ्या दिवशी समुद्राच्या कडेकडेने जाणारी ट्रेन पकडून कशकाइश. मागच्या वर्षी सांगलीहून मामा मामी आले तेव्हाही हेच चाललेलं. ट्रेन निघाली, डाव्या हाताला तेजो नदी समुद्राला मिळते ते दाखवत होते मी, आणि मध्ये एका स्टेशनचं नाव पुकारलं गेलं, काशियास. मामा ताडकन उठून उभा राहिला. म्हणाला, "अगं, इथंच रानडे होते ना?"

मला माहीतच नव्हतं. दहा वर्षांत त्या लाइनवरून मी शेकडो वेळा गेले असेन.

ज्यांना माझ्यासारखंच माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मोहन रानडे मूळचे सांगलीचे, गोव्यात मराठी शिकवायला गेले आणि गोवा मुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात सामील झाले. 1955 साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, 26 वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे त्यांना पोर्तुगालला आणून काशियासच्या किल्ल्यात ठेवलं. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, आपल्याकडे पेढे वाटले गेले, पण रानडे सुटले नाहीत. सुटले जानेवारी 1969 मध्ये, म्हणजे गोवा स्वतंत्र झाल्यावरही सात वर्षं हा माणूस इथे, माझ्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर, कोठडीत होता. त्यांच्या सुटकेसाठी बाबूजी म्हणजे सुधीर फडके यांनी किती खटपट केली ते मामाने मला त्या ट्रेनमध्ये सांगितलं. काशियासला आजही तुरुंगच आहे, आत जाऊन बघण्यासारखं काही नाही. मामाने खिडकीतूनच हात जोडले. समोर बसलेल्या पोर्तुगीज आजी बघत होत्या, मी त्यांना मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं की आमच्या गावचा एक माणूस हुकूमशहा सालाझारच्या काळात इथे कैदेत होता, तर त्या म्हणाल्या, माझा भाऊसुद्धा.

हे मी का लिहितेय, तर आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून जो वाद पेटतो त्यासाठी. 2023 साली गोव्याचे मुख्यमंत्री प्रमोद सावंत म्हणाले होते की पोर्तुगीजांच्या खुणा पुसायची वेळ आली आहे, तेव्हापासून आमच्याकडे दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते सगळं पुसा, दुसरी म्हणते अरे त्या खुणांसाठीच तर टुरिस्ट येतात, पणजीतल्या फोंतेन्यास वस्तीतल्या रंगीत भिंती नसत्या तर गोव्यात आणि बाकी कोकणात फरक काय. आणि मग मला टॅग करतात, तू तिकडे राहतेस, तू सांग.

मला दोन्ही पार्ट्यांचं पटत नाही, आणि का ते मला मामाबरोबर पेनिशला गेल्यावर नीट कळलं.

पेनिश लिस्बनच्या उत्तरेला, बसने साधारण दीड तास. मासेमारीचं गाव, तिन्ही बाजूंनी समुद्र, बंदरावर जाळी वाळत घातलेली, कोळशावर सार्डिन भाजल्याचा वास, अगदी आपल्याकडच्या बंदरावर आल्यासारखं वाटतं. तिथल्या बायका उशीवर टाचण्या टोचून लाकडी फिरक्यांनी लेस विणतात, ती बघत मामी इतकी रमली की तिला तिथून हलवता हलवेना. पण मामाला बघायचा होता तो किल्ला. 1934 पासून 1974 पर्यंत सालाझारच्या राजवटीने तो राजकीय कैद्यांचा तुरुंग म्हणून वापरला. आपले त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा, ज्यांना गोव्याच्या राष्ट्रीय चळवळीचे जनक म्हणतात, त्यांना 1946 साली गोव्यात अटक करून शिक्षा सुनावली आणि इथे पाठवलं, पुरुषोत्तम काकोडकरांनाही इथेच आणलं. आणि ह्याच किल्ल्यातून 3 जानेवारी 1960 च्या रात्री पोर्तुगीज कम्युनिस्ट नेते आल्व्हारू कुन्याल आणि त्यांचे नऊ साथीदार एका पहारेकऱ्याच्या मदतीने निसटले, चादरींना गाठी मारून तटावरून उतरले. म्हणजे गोव्याला गुलामीत ठेवणारी जी राजवट होती, तीच आपल्या स्वतःच्या माणसांना पण त्याच भिंतीआड टाकत होती. ही गोष्ट आमच्या ग्रुपवर "पोर्तुगीज" हा एकच शब्द वापरून भांडणाऱ्यांना कधी सुचत नाही, आणि मलाही सुचली नव्हती.

आता मुद्द्याचं. 2016 साली इथल्या सरकारने पडीक ऐतिहासिक वास्तू खाजगी लोकांना टुरिझमसाठी भाड्याने द्यायची योजना काढली आणि त्या यादीत पेनिशचा किल्ला होता. म्हणजे जिथे माणसांना छळलं तिथे हॉटेल. तिथे कैदेत राहिलेले म्हातारे लोक आणि त्यांची मुलंबाळं खवळली, सह्यांच्या मोहिमा निघाल्या, आणि सरकारला किल्ला यादीतून काढावा लागला. त्याचं म्युझियम करायचं ठरलं आणि ते पूर्ण उघडलं 27 एप्रिल 2024 ला, म्हणजे ही राजवट उलथवणाऱ्या 1974 च्या क्रांतीनंतर कैदी सुटले त्याला बरोब्बर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी. हे वाचून 2019 ची आठवण झाली की नाही? तेव्हा आपल्या सरकारने गड-किल्ल्यांवर हेरिटेज हॉटेलं काढायची टूम काढली होती, लोक संतापले, मग शिवकालीन महत्त्वाच्या किल्ल्यांना हात लावणार नाही असा खुलासा आला. संताप तर आपल्यालाही आला. पण संताप ओसरल्यावर इथे म्युझियम उभं राहिलं, आणि आपल्याकडचे कितीतरी किल्ले होते तसेच राहिले, ढासळत.

म्युझियममध्ये एक भेटीची खोली तशीच ठेवलीय. मध्ये काच, एका बाजूला कैदी, दुसऱ्या बाजूला घरचे, आणि बोलणं ऐकायला शिपाई. काचेला हात लावून मामा बराच वेळ उभा होता. बाहेर भिंतीवर कैद्यांची नावं कोरलेली आहेत, आम्ही एकेक वाचत चाललो, नावं संपतच नव्हती.

हे लोक सगळ्या बाबतीत असे आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. बेलेंला नदीकाठी दर्यावर्दींचं ते उंच स्मारक आहे, सालाझारच्याच काळातलं, आधी 1940 च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं आणि मग 1960 साली काँक्रीटमध्ये पक्कं बांधलेलं. समोर फरशीत जगाचा नकाशा, कुठलं जहाज कुठे कधी पोचलं त्याची सालं. पोचल्यावर तिथल्या माणसांचं काय झालं, गोव्यात इन्क्विझिशनने म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने काय केलं, ह्याबद्दल त्या नकाशात एक अक्षर नाही. 2018 साली इथे "शोधांचं" म्युझियम काढायची चर्चा होती तर इथल्याच इतिहासकारांनी त्या नावाला विरोध केला, जिथे आधीच माणसं राहत होती त्याचा शोध कसला लावला म्हणून. मला तो विरोध मनापासून पटतो, आणि आपण सुद्धा इथे आल्यावर मठातल्या वास्को द गामाच्या थडग्यासमोर सेल्फी काढून पुढे जाऊ नये असं वाटतं.

तेजोवरचा लाल पूल 1966 साली सालाझारच्या नावाने उघडला, क्रांतीनंतर त्याचं नाव 25 एप्रिल झालं. पूल कोणी पाडला नाही. त्याच दिवशी दरवर्षी रस्त्यात लोक लाल कार्नेशन घेऊन फिरतात, कारण 1974 ला सैनिकांच्या बंदुकीच्या नळीत ती फुलं खोचलेली होती. माझ्या मते नाव बदलण्यात काही चूक नाही, पण पूल पाडून किंवा चर्चची भिंत पुसून रानडे कोणाला कळणार? पाव, बटाटा, चावी, लिलाव, इतकंच काय तुरुंग हा शब्दसुद्धा त्यांच्याकडून आलाय, तो कुठून पुसणार? आग्वादच्या जुन्या तुरुंगाचं 2021 साली म्युझियम झालं हे फार चांगलं झालं. तसं अजून व्हायला हवं, आणि मराठीतून, कोकणीतून, नावानिशी. हॉटेलचा स्विमिंग पूल नको आणि जेसीबीही नको.

जूनमध्ये इथे सांत आंतोनियोचा सण असतो, गल्ल्यागल्ल्यांत पताका, सार्डिन आणि गाणी, आणि घरोघरी मांजेरिकुची छोटी कुंडी. ती आपल्या तुळशीच्याच कुळातली. मामी ती हुंगायला वाकली तर शेजारच्या काकूंनी तिला थांबवलं, नाक लावायचं नाही, रोप मरतं म्हणतात, आधी तळवा पानांवरून हलकेच फिरवायचा आणि मग तळव्याचा वास घ्यायचा. मामीने तसं केलं आणि म्हणाली, तुळशीला पण आम्ही असंच जपतो.

मामाने परत गेल्यावर फोन करून एकच गोष्ट मागितली, काशियास स्टेशनच्या पाटीचा फोटो. परवा ऑफिस सुटल्यावर मुद्दाम तिथे उतरले, पाटीचा एक आणि मागच्या टेकडीचा एक असे दोन फोटो काढून पाठवले.